शिक्क्यासकट पूर्ण पान

"मॅडमजी, पार्लमेंट में मेरा नाम आया है. ढूँढ के दीजिए."

समोरचा गृहस्थ खुर्चीत बसायच्या आधीच हे बोलला. राखाडी सफारी, कमरेला पेजर, हातात मिठाईचा डबा. डबा त्याने माझ्या टेबलावर ठेवला नाही, आमच्या डायरेक्टरसाहेबांच्या हातात दिला. भटनागरसाहेब स्वतः जिना उतरून त्याला ग्रंथालयात घेऊन आले होते. हे झंझट माझ्या गळ्यात पडणार हे मला तिथेच कळलं.

"कधी आलं नाव?" मी विचारलं.

"सर्दियाँ थीं. मैंने कोट पहना था."

"कुठलं वर्ष?"

"दो-तीन साल हुए होंगे. उस दिन अंदर बड़ा हंगामा चल रहा था. चाय भी ठंडी मिली."

मी भटनागरसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी छताकडे पाहिलं. कोट, हंगामा आणि थंड चहा, एवढ्या तीन गोष्टींवरून मला संसदेच्या कागदपत्रांतून एक नाव काढायचं होतं. (आमची बोलणी सगळी हिंदीत. काही तशीच ठेवते, बाकी मराठीत सांगते.)

मी दिल्लीत एका निमसरकारी संस्थेत ग्रंथपाल होते. ग्रंथालय तळमजल्याच्याही खाली होतं, वर पाहिलं की खिडकीतून रस्त्यावरच्यांच्या चपला दिसत. आमच्याकडे संसदेतल्या चर्चांचे खंड होते, अगदी पहिल्यापासूनचे. आधी ते बघायला फक्त पीएचडीवाले येत. मग उदारीकरण आलं. सरकारने कारखान्यांना सांगितलं तसं आम्हालाही सांगितलं, की बाबांनो, आता आपापलं बघा. भटनागरसाहेबांनी लगेच 'रेफरन्स सर्व्हिस' सुरू केली. बाहेरच्या कुणालाही सरकारी रेकॉर्डमधलं काही हवं असेल तर फी भरा, आम्ही शोधून देऊ. आम्ही म्हणजे मी.

हे गृहस्थ होते चोप्रा. पानिपतला त्यांच्या घोंगड्या-ब्लँकेटांच्या गिरण्या. नोएडात तेव्हा दर महिन्याला एक नवा सेक्टर उगवत होता, आणि चोप्रासाहेबांनी अशाच एका सेक्टरात हॉस्पिटल काढलं होतं. पाच मजली, काचेचं. नाव सांगत नाही, कारण हॉस्पिटल अजून आहे आणि त्यांचे वकील माझ्यापेक्षा बरेच तरुण आहेत. जर्मनीहून सीटी स्कॅनचं मशीन येऊन चालूही झालं होतं. पंधरा दिवसांनी त्या विभागाचं रीतसर उद्‌घाटन होतं. लॉबीत, अगदी दारासमोरच्या भिंतीवर, चोप्रासाहेबांना एक फ्रेम लावायची होती: संसदेने आमच्या हॉस्पिटलची दखल घेतली.

"तारीफ की थी मेरी," ते म्हणाले. "सबके सामने. मैंने अपने कानों से सुना."

मागे काहीतरी खाली पडलं. रामकिशनच्या हातातला खळीचा ब्रश.

रामकिशन आमचा दफ्तरी. म्हणजे बाइंडर. सुटे अंक शिवायचे, पुठ्ठे चढवायचे, पाठीवर सोनेरी अक्षरं ठोकायची हे त्याचं काम. पंचवीस वर्षांत त्याच्या हातून ब्रश पडलेला मी पाहिला नव्हता. साहेब लोक वर गेल्यावर मी त्याला विचारलं, "क्या हुआ?"

"कुछ नहीं मॅडम. ये वही अस्पताल है, जिसने परसों गेट से लौटा दिया."

त्याची बायको कलावती. तीन महिने तिचं डोकं दुखत होतं. मग सकाळच्या उलट्या सुरू झाल्या, मग हातातून परात सुटायला लागली. सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरने सीटी स्कॅन लिहून दिला आणि तारीख मिळाली थेट पावसाळ्यातली. तेव्हा फेब्रुवारी होता. डॉक्टर स्वतःच म्हणाला, इतकं थांबू नका, बाहेरून करून आणा. ही माणसं यमुनेपलीकडे राहायची, त्यांना सगळ्यात जवळचं मशीन चोप्रांचं. पण बाहेरची फी दफ्तरीच्या पगारात बसणारी नव्हती. रिसेप्शनवर त्याने सवलत विचारली, तर वॉचमनने त्याला हाताला धरून बाहेर आणलं.

हे सगळं तो पुठ्ठ्याला खळ लावता लावता सांगत होता. आणि वरून अशा माणसाची तारीफ मी शोधून द्यायची! पण नोकरी म्हणजे नोकरी. मी खंड काढले.

आता शोधायचं कसं, ते सांगते. तेव्हा कॉम्प्युटर आमच्याकडे एकच होता आणि तो भटनागरसाहेबांच्या खोलीत कव्हर घालून ठेवलेला असे. प्रत्येक अधिवेशनाच्या शेवटी एक सूची छापतात. त्यात कुठला सदस्य काय बोलला, कुठला विषय कुठल्या पानावर आहे, हे असतं. मी 'आरोग्य' पाहिलं. नाही. 'रुग्णालये' पाहिलं. देशभरची हॉस्पिटलं होती, चोप्रांचं नव्हतं. 'नोएडा' खाली वीज, पाणी, भूखंडाचे घोटाळे, पुन्हा वीज. तीन दिवस असेच गेले. तीन थंड्यांची सूची मी तोंडपाठ केली.

चौथ्या दिवशी रामकिशन म्हणाला, "मॅडम, वो हंगामे वाली बात. जिस दिन हंगामा, उस दिन का अंक पतला."

मी कपाळावर हात मारून घेतला. बिल्कुल बरोबर! सभागृहात गोंधळ झाला की कामकाज तहकूब होतं. लेखी उत्तरं तेवढी छापतात, चर्चा नसतेच. त्या दिवसाचा अंक पातळ निघतो. हे मी वाचून सांगितलं असतं, त्याला बोटांनी माहीत होतं. त्याने हिवाळ्यांच्या खंडांवरून अंगठा फिरवला आणि पाच पातळ दिवस काढून माझ्या टेबलावर ठेवले.

तिसऱ्या पातळ दिवसात सापडलं. पण आरोग्याच्या उत्तरांत नाही, अर्थखात्याच्या. प्रश्न होता, परदेशातून येणाऱ्या वैद्यकीय यंत्रांवरची कस्टम ड्यूटी कुठल्या हॉस्पिटलांना माफ केली? उत्तराखाली यादी, यादीत चोप्रांचं हॉस्पिटल. मी तीन दिवस आजारी माणसं शोधत बसले होते आणि हे साहेब मशीनच्या रांगेत उभे होते. उत्तराच्या शेवटी एक ओळ होती, की या माफीच्या अटींचा विचार आरोग्यविषयक समितीही करत आहे.

इथे चोप्रांचा घोळ माझ्या लक्षात आला. त्यांचं नाव सभागृहात आलंच नव्हतं. ते आलं होतं समितीत. संसदेच्या समित्या म्हणजे खासदारांचे छोटे गट. ते बंद खोलीत बसून एकेका खात्याची बारकाईने चौकशी करतात, बाहेरच्या लोकांनाही बोलावून विचारतात. सभागृह बंद पडलं तरी समितीची बैठक होऊ शकते. त्या बैठकीचं टिपण, म्हणजे मिनिट्स, नंतर समितीच्या अहवालाला मागे जोडून छापतात. अहवाल संसदेत ठेवला की तो सगळ्यांसाठी खुला. खुला म्हणजे काय, कुणी वाचत नाही इतका खुला.

अहवालाची हिंदी प्रत काढली. शेवटची पानं. आणि मिळालं.

तिसरा परिच्छेद: श्री. चोप्रा यांनी समितीला आपल्या रुग्णालयाची माहिती दिली, सदस्यांनी या उपक्रमाची प्रशंसा केली. वाह वाह. साहेबांचे कान खरंच बोलत होते.

चौथा परिच्छेद मी दोनदा वाचला. मग रामकिशनला हाक मारली आणि त्यालाच वाचायला लावला. मतलब असा, की ड्यूटीच्या माफीबद्दल सदस्यांनी विचारल्यावर श्री. चोप्रा यांनी समितीला आश्वासन दिलं की उत्पन्नाचा दाखला आणणाऱ्या गरीब रुग्णांच्या सर्व तपासण्या, सीटी स्कॅन धरून, रोज विनाशुल्क केल्या जातील. आणि तसा फलक रुग्णालयाच्या प्रवेशाजवळ ठळक हिंदीत लावला जाईल.

रामकिशन शेवटच्या शब्दापर्यंत पोचला आणि परत पहिल्यावर गेला.

"बोर्ड तो वहाँ है," तो म्हणाला. "लिखा है, जूते बाहर उतारें."

मी आधी सरळ रस्त्याने गेले हो. लगेच वाकड्यात शिरले असं कुणी समजू नये. हॉस्पिटलला फोन केला. गरिबांसाठी फुकट स्कॅनची सोय आहे ना? रिसेप्शनवरची पोरगी हसलीच. "ऐसी कोई स्कीम नहीं है, मॅम." मॅनेजरशी बोलले. त्याने कानावर हात ठेवले.

संध्याकाळी सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये यांना विचारलं. आमचे हे मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, फायलींतलं यांना सगळं कळतं.

"अहो, असं आश्वासन पाळलं नाही तर कुणाला लिहायचं?"

"खात्याला लिही. खातं हॉस्पिटलला विचारेल. हॉस्पिटल उत्तर देईल. खातं त्यावर मत मागवेल."

"किती दिवस?"

"वर्ष धर."

"वर्षभर फाइल चालेल हो. कलावती चालेल का?"

हे पोळीचा तुकडा मोडत म्हणाले, "तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला कळू देऊ नकोस. मला उद्या ऑफिसला जायचंय."

माझ्या डोक्यात आमच्या ग्रंथालयाचा एक जुना नियम चालला होता. मी तो केला नव्हता, माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी केला होता. रेकॉर्डची शिक्का मारलेली सत्यप्रत द्यायची तर पूर्ण पानाची द्यायची. कापाकापी नाही. लोक मधलं एखादं वाक्य उचलून कोर्टात नाचवायचे, म्हणून तो नियम. शिवाय नेणाऱ्याने रजिस्टरमध्ये सही करायची: पान पूर्ण वाचून मिळाले.

चोप्रासाहेब शुक्रवारी आले. मी पान पुढे केलं. त्यांची नजर भिरभिरत तिसऱ्या परिच्छेदावर गेली, 'श्री. चोप्रा'वर थांबली, आणि चेहरा असा उजळला की मलाच क्षणभर वाईट वाटलं.

"ये लो! ये रहा मैं!"

"साहेब, चौथा पॅरापण वाचून घ्या."

"पढ़ लेंगे, पढ़ लेंगे. ये बताइए, सिर्फ इतना हिस्सा काट के नहीं मिलेगा? तारीफ वाला?"

"मिलेगा. पण मग शिक्का नाही मिळणार."

भटनागरसाहेब बाजूलाच होते. ते म्हणाले, "अरे मेश्रामजी, काट दीजिए ना. क्या फर्क पड़ता है."

"नियम तुमच्याच सहीने पुन्हा जारी झालाय, सर. मागच्या वर्षी." आणि मी सर्क्युलर काढून दाखवलं. साहेबांनी आपली सही पाहिली आणि कागद मला परत दिला. सहीचा मान त्यांनी नेहमीच ठेवला.

चोप्रांना शिक्का हवाच होता. अशोकस्तंभ आहे का, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. नाही म्हटल्यावर जरा हिरमुसले, पण गोल आहे, जांभळा आहे, मोठा आहे, हे ऐकून पुन्हा खुलले. मी शिक्का मारला. कुठे मारायचा हे ग्रंथपालाच्या मर्जीवर असतं. मी तो नेमका चौथ्या परिच्छेदाच्या बाजूला मारला, थोडा दाबून.

"हिंदी का ही लगाएँगे," ते स्वतःहून म्हणाले. "चीफ गेस्ट एमपी साहब हैं, हिंदी के बड़े प्रेमी. उस कमेटी में भी थे."

बाप्पा! हे मला ठाऊक नव्हतं. आई शप्पथ, हे मी जुळवलेलं नाही.

"मग मोठं करून घ्या," मी म्हटलं. "भिंत मोठी आहे म्हणता. आमचा दफ्तरी माउंट करून देईल. त्याच्यासारखा हात दिल्लीत नाही."

"कितना बड़ा?"

"लांबून वाचता येईल इतकं."

"वाह मॅडम! आप समझती हैं." आणि त्यांनी रजिस्टरमध्ये फर्रकन सही ठोकली.

रामकिशनने ती फ्रेम आठवडाभर केली. कॅनॉट प्लेसच्या दुकानातून पान दरवाजाएवढं मोठं करून आणलं, मागे जाड पुठ्ठा, कडेला लाल रेक्झिन, सोनेरी रेघ. कलावतीच्या उलट्या वाढल्या होत्या, तो रात्रभर जागून यायचा, आणि एकही रेघ वाकडी गेली नाही. मी त्याला घरी जा म्हटलं तर म्हणाला, घरी बसून काय करू, इथे निदान काहीतरी होतंय.

उद्‌घाटनाला आम्हालाही बोलावणं होतं. नोएडाचा रस्ता अर्धा झालेला, एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला मोहरीचं शेत. लॉबीत झेंडूच्या माळा, मिनरल वॉटरच्या बाटल्या, आणि समोर ती फ्रेम, वर मखमली पडदा. खासदारसाहेब आले. वयस्क, धोतरवाले, हातात माइक दिला की परत न देणारे. त्यांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या, आणि ते मोठ्याने वाचायला लागले.

तिसरा परिच्छेद. टाळ्या. चोप्रा हात जोडून वाकले.

आणि मग खासदारसाहेब चौथ्यात शिरले. थांबतात कशाला? समोर हिंदी होती, हातात माइक होता. "...सीटी स्कॅन सहित सभी जाँच, प्रतिदिन, निःशुल्क..." चोप्रा अजून वाकलेलेच होते. हळूहळू सरळ झाले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत राहिले.

खासदारसाहेब शिक्क्यापर्यंत पोचले आणि माइक घेऊन लोकांकडे वळले. "भाइयो, हमारी कमेटी में रोज लोग वादे कर के जाते हैं. बोर्ड लगाने का वादा कौन निभाता है? पहली बार देख रहा हूँ. वो भी इतना बड़ा! मैं अगली बैठक में ये बात रखूँगा." त्यांनी चोप्रांना मिठी मारली. फोटोवाल्यांनी फोटो काढले. मागे फ्रेम बरोबर येत होती.

भटनागरसाहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मेश्रामजी, ये सब लिखा था क्या उसमें?"

"पूर्ण पान आहे, सर."

सोमवारी सकाळी रामकिशन कलावतीला घेऊन गेला. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हातात. रिसेप्शनवरची पोरगी तेच म्हणाली, ऐसी कोई स्कीम नहीं. त्याने भिंतीकडे बोट केलं. ती म्हणाली, वो तो फोटो है. मग तो फ्रेमसमोर उभा राहून वाचायला लागला, आवाज चढवून. त्याच्या मागे आणखी चार लोक येऊन वाचायला लागले. मॅनेजर धावत आला. म्हणाला, मालकांना विचारावं लागेल, उद्या या.

उद्यापर्यंत थांबायची कलावतीची परिस्थिती नव्हती. बसमध्येच तिला चक्कर आली. रामकिशन तिला घरी न नेता इकडे घेऊन आला, कारण इकडे निदान फोन होता. मी तिला बाइंडिंगच्या खोलीत सतरंजीवर आडवं केलं. तिने डोळे घट्ट मिटलेले, उजेड सोसवत नव्हता. पदर ओला करून कपाळावर ठेवला. माझ्या मनात आलं, मी मोठी हुशारी केली आणि बाई हातची जाणार.

आणि जिन्यावर बुटांचा आवाज आला. चोप्रासाहेब. मागे भटनागरसाहेब, चेहरा पांढरा.

"आपने मुझे फँसाया!" चोप्रा दारातूनच ओरडले. "सुबह से रिसेप्शन पर मेला लगा है!"

"मेश्रामजी, आपने बताया क्यों नहीं इनको?" भटनागरसाहेब म्हणाले. "मेमो देना पड़ेगा मुझे. कुछ तो बोलिए."

मी रजिस्टर उघडून ठेवलं. पान पूर्ण वाचून मिळाले. खाली चोप्रांची सही, शेपटीसकट. भटनागरसाहेबांनी सही पाहिली आणि तिथल्या तिथे माझ्या बाजूचे झाले. सही म्हणजे सही.

"चौथा पॅरा वाचा म्हणून मी सांगितलं होतं की नाही?" मी विचारलं.

चोप्रांनी रजिस्टर बाजूला सारलं आणि म्हणाले, "पर ये सब मैंने कब कहा?"

मी मूळ अहवाल काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चश्मा लावला आणि पहिल्यांदा चौथा परिच्छेद वाचला. बराच वेळ लागला.

"कहा तो था," ते हळू आवाजात म्हणाले. "पर वहाँ तो सब कहते हैं. कमेटी में बोला हुआ कोई करता थोड़े ही है."

"मग फ्रेम काढून टाका."

"कैसे निकालूँ? अखबार में छप गई है! एमपी साहब अगली मीटिंग में बोलेंगे!"

"मग राहू द्या."

"राहू दिली तर लोक येतील!"

"येतील. एक तर आलीच आहे."

मी बाइंडिंगच्या खोलीचा दरवाजा उघडला. कलावती सतरंजीवर, रामकिशन तिच्या उशाशी. चोप्रांनी विचारलं, ये कौन? मी म्हटलं, ज्याने तुमची फ्रेम केली त्याची घरवाली, मागे एकदा तुमच्या गेटवरून परत पाठवली, आज पुन्हा पाठवली, उद्याचं मला सांगता येत नाही.

माझा आवाज चढला होता. डायरेक्टरसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता.

चोप्रा दारात उभे राहिले. त्यांनी रामकिशनच्या हातांकडे पाहिलं, बोटांना अजून लाल रेक्झिनचा रंग होता. मग माझ्या टेबलावरचा फोन ओढला आणि नंबर फिरवला.

"मशीन खाली करवाओ. हाँ, अभी. कोई पर्ची नहीं, मैं ला रहा हूँ." फोन ठेवला आणि रामकिशनला म्हणाले, "उठाओ इनको. गाड़ी बाहर है."

ते मनापासून म्हणाले की नाइलाजाने, ते मला ठाऊक नाही. मिनिट्समध्ये असलं काही लिहीत नाहीत.

स्कॅनमध्ये गाठ निघाली. मेंदूच्या आवरणावर, बाहेरच्या बाजूला. सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरने फिल्म उजेडाला धरली आणि पावसाळ्याची तारीख खोडून ऑपरेशनची पुढच्याच आठवड्यातली लिहिली. ऑपरेशन झालं. साधी गाठ होती. पावसाळ्यापर्यंत थांबलो असतो तर काय, हे रामकिशनने विचारलं, आणि डॉक्टरने त्याच्या पाठीवर थोपटलं.

मला मेमो मिळाला तो सौम्य: ग्राहकास आवश्यक ती माहिती तोंडी अधिक स्पष्टपणे द्यावी. मी त्याची प्रत फाइलला लावली, पूर्ण पान. पुढच्या वर्षी समितीचा अहवाल आला. त्यात नोएडाच्या एका रुग्णालयाने प्रवेशद्वाराजवळ ठळक फलक लावून आदर्श घालून दिल्याबद्दल समितीने समाधान व्यक्त केलं होतं. चोप्रांनी त्याचीही सत्यप्रत मागवली. या वेळी माणूस पाठवून दोनदा वाचून घेतली, मगच सही केली.

या धंद्यात मी जे शिकले ते एवढंच, की सार्वजनिक रेकॉर्डमध्ये दडवलेलं काही नसतं. सगळं छापलेलं, बांधलेलं, नंबर घालून कपाटात असतं. ते वाचायला माणूस आला पाहिजे. माझ्या पूर्ण नोकरीत ज्याची खरी गरज होती असा माणूस क्वचित आला. जास्त करून तेच आले ज्यांनी यायला नको होतं, आणि तेही फी भरून.

दोन महिन्यांनी कलावती ग्रंथालयात आली. ओढणीखाली डोक्यावरचे केस बोटभर वाढले होते. हातात घरचे बेसनाचे लाडू. तिला वाचता येत नव्हतं, पण चोप्रांकडे पुन्हा तपासणीला गेली की दर वेळी ती फ्रेम बघून यायची.

"मॅडमजी," ती म्हणाली, "उस साहब ने तो अपने आप दीवार पर लिखवा के टाँग दिया, कि गरीब आओ, मुफ्त दिखाओ. ऊपर से अपनी गाड़ी में ले गया. आजकल ऐसा भला आदमी कहाँ मिलता है?"

रामकिशनला एकाएकी जोराचा खोकला आला आणि तो पुठ्ठे आणायला आत पळाला. मी लाडवाचा मोठा घास घेतला, सावकाश चावला, आणि म्हटलं, "हो गं बाई. रेकॉर्ड में तो यही है."